आव्वाचे उजेडाचे शब्द

१० जुलै, गुरुवार

आजपासून रोज लिहायचं ठरवलंय. रोज म्हणजे जमेल तेव्हा. स्वतःशी तरी खोटं कशाला बोला?

निमित्त विश्वजितचं. हा माझा शाळेपासूनचा मित्र. पलीकडच्या गल्लीत एका हॉलमध्ये ‘रविवार वाचक कट्टा’ चालवतो. सकाळी दुकानात आला आणि म्हणाला, “पार्श्वा, सप्टेंबरात तू बोलायचंस. पाऊण तास. विषय तुझा तू ठरव.” मी शेतीपंपाचे सुटे भाग विकणारा माणूस. गिऱ्हाईक नसलं की गल्ल्यामागं पुस्तक उघडून बसतो, एवढीच काय ती माझी साहित्यसेवा. नाही म्हणायला तोंड उघडलं आणि हो म्हणून बसलो.

घरी सांगितलं तर बायको, स्नेहल, हसली. ती कॉलेजात गणित शिकवते, पाऊण तास बोलणं म्हणजे तिच्या डाव्या हातचा मळ. “तुम्ही बोलणार? तुम्हाला गिऱ्हाइकाला वॉशरची किंमत सांगताना घाम फुटतो.” तेजस्वी म्हणाली, “पप्पा शब्दांवर बोलतील. अजून काय येतंय त्यांना?” पोरगी दहा वर्षांची आहे, पण बाण नेमका मारते. आमच्याकडे शब्दकोश जेवणाच्या टेबलावर असतो, लोणच्याच्या बरणीशेजारी. त्याच्या पानांना तेलाचे डाग आहेत. ताटातला घास तोंडाशी नेता नेता मी विचारतो, “तेजू, ‘घास’ कुठून आला असेल?” ती म्हणते, “स्वयंपाकघरातनं.”

मला खरं दुःख एकच आहे. घरात एवढी पुस्तकं असून ही पोरगी स्वतःहून एक हातात धरत नाही.

१३ जुलै, रविवार

विषय सापडला! आणि कुठं सापडला, तर आमच्याच स्वयंपाकघरात.

आप्पा गेल्यावर दोन वर्षांपूर्वी आव्वा गाव सोडून आमच्याकडे आली. आव्वा म्हणजे माझी आई. तिचं माहेर सदलग्याकडचं, म्हणजे सीमेपलीकडचं, म्हणून आईला आव्वा. कळंब्याच्या बाजूच्या या नव्या बिल्डिंगमध्ये सगळे तिला अक्काताई म्हणतात. आज ती तेजूला गोष्ट सांगत होती.

“मी तवा धा-बारा वर्साची आसंन. आमची म्हस चरायला गेल्याली. कडूसं पडलं तरी घरला आली न्हाय. आबा म्हणाला, जा गं, वड्याकडं बघून ये. मी गेलते की. आन् तितं...”

“थांब थांब, आव्वा,” मी म्हणालो. “कडूसं म्हणजे?”

“कडूसं म्हंजे कडूसं. दिस बुडाल्यावर, पर दिवा लावायच्या आदी.”

काय शब्द आहे! संध्याकाळ नाही, रात्रही नाही, मधली ती पाच-दहा मिनिटं. मी शब्दकोश उघडला, मग दुसरा काढला, मग विश्वजितला फोन लावला. तो म्हणाला, त्याची आजीही हाच शब्द वापरायची. अर्धा तास त्यात गेला. परत आलो तर आव्वा उठून तांदूळ निवडायला बसली होती आणि तेजू मोबाइलवर.

गोष्ट राहिली. म्हैस सापडलीच असणार, म्हशी कुठं हरवतात!

कट्ट्यावर मी आव्वाच्या शब्दांवर बोलणार.

२० जुलै, रविवार

तेजूलाही कामाला लावलंय. आज्जीच्या तोंडून नवा शब्द पकडला की फ्रिजच्या दारावर तो लिहायचा आणि त्याच्यापुढं एक चमकती चांदणी चिकटवायची. पोरगी आज्जीच्या मागं मागं फिरते. आज्जीनं तोंड उघडलं की “हा! पकडला!” म्हणून ओरडते. नातीला आजीचा एवढा लळा लागलेला बघून मला बरं वाटलं.

आज तर जॅकपॉट लागला. आव्वा बस्तीत, म्हणजे आमच्या जैन मंदिरात, रोज अंधारातच जायची. आठवडाभर उशिरा निघते आहे. मी सहज विचारलं तर म्हणाली, “हल्ली येरवाळी जाववत न्हाय रं. दिस कासराभर वर आल्यावरच जाते. पायरी...”

“येरवाळी! आणि कासराभर!” एका वाक्यात दोन. येरवाळी म्हणजे लवकर. आणि कासराभर म्हणजे बैलाच्या कासऱ्याच्या लांबीएवढा सूर्य वर आला की. घड्याळ नसलेल्या माणसांनी आभाळ दोरीनं मोजलं. तेजूनं दोन चांदण्या लावल्या. आव्वा चांदण्यांकडे बघत राहिली, मग गेली.

पायरीचं काय ते विचारायचं राहिलं.

२७ जुलै, रविवार

सकाळचा चहा घेताना आव्वा म्हणाली, “पार्श्वा, डाव्या डोळ्याम्होरं जळमट आल्यागत हुतंय बघ.”

मी कप खाली ठेवला. “वा! परत म्हण, आव्वा.”

तिनं परत म्हटलं. आम्ही म्हणतो धूसर, अंधुक, अस्पष्ट. सगळे कसे धुवून इस्त्री केलेले शब्द. आणि ही म्हणते जळमट. घराच्या कोपऱ्यातलं जळमट तिनं सरळ डोळ्यात आणून ठेवलं. तेजूनं चांदणी लावली. वय झालं की नजर मंदावते, पण बोलणं असं धारदार होतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

मी म्हणालो, “सप्टेंबरात कट्ट्यावर ही ओळ सगळ्यांना ऐकवणार बघ.”

“आयकीव,” ती म्हणाली.

३ ऑगस्ट, रविवार

फ्रिजसमोर उभा राहिलो आणि एक गोष्ट ध्यानात आली. कडूसं, येरवाळी, कासराभर, जळमट, काल पकडलेलं ‘तिरीप’, परवाचं ‘अंधारी’. सगळे उजेडाचे नाहीतर अंधाराचे शब्द! आव्वा स्वयंपाकाचे, शेतीचे, भांडणाचे शब्द वापरत नाही असं नाही, पण हल्ली तिचं सगळं बोलणं फिरून फिरून उजेडावर येतं. तिरीप शोधत ती घरभर जागा बदलते. सकाळी गॅलरीत, दुपारी हॉलच्या खिडकीत, चारनंतर आमच्या खोलीत. खुर्ची स्वतः ओढत नेते.

माझ्या भाषणाचं नाव ठरलं: ‘आव्वाचे उजेडाचे शब्द’. विश्वजितला कळवलं. तो म्हणाला, “पार्श्वा, नाव भारी हाय.” तेव्हापासून अंगात वारं शिरल्यासारखं झालंय.

९ ऑगस्ट, शनिवार

चातुर्मास आव्वा दरवर्षी पाळते, पण यंदा नेम कडकच केलाय. दिवेलागणीच्या आत जेवणं हे तिचं जन्मापासूनचं. पूर्वी साडेसहाला ताट घ्यायची. आता साडेचारलाच मागते. पालेभाजी चातुर्मासात आमच्याकडे बरेच जण सोडतात, यंदा तिनंही सोडली; वर फ्लॉवर सोडला, कोबी सोडला, आता भेंडीपण नको म्हणते. “वरणभात बास झाला.” धान्य निवडायचं कामही तेजूकडे दिलंय. आयुष्यभर एक खडा, एक किडा नजरेतून न सुटलेली बाई सूप नातीच्या मांडीवर ठेवते आणि म्हणते, “तू बघ गं. तुजं डोळं चांगलं.”

स्नेहल म्हणाली, “वाळल्यात त्या. चातुर्मास संपेपर्यंत काय राहायचं नाही अंगावर.” मी म्हणालो, नेमधर्मानं माणूस वाळतच असतो, त्यात विशेष काय? वयाच्या सत्तराव्या वर्षी एवढा निग्रह आपल्यात तरी आहे का? मी अजून वड्याच्या गाडीपुढून सरळ जाऊ शकत नाही.

खरं सांगायचं तर मला अभिमान वाटतो.

१५ ऑगस्ट, शुक्रवार

सुट्टी म्हणून सगळे पन्हाळ्याला. धुक्यात दहा पावलांवरचं दिसत नव्हतं आणि निम्मं कोल्हापूर कणसं खायला वर आलेलं. आव्वा पायऱ्या चढायला नको म्हणाली. तटाजवळ गाडी लावून मी तिच्यासोबत बसलो. तेजू आज्जीच्या डाव्या बाजूला बसायला गेली, तर आव्वानं हातानं ओढून तिला उजवीकडं घेतलं. “हिकडं बस. मला दिसशील आशी.”

मग धुक्याकडं बघत म्हणाली, “डावीकडनं कुणीतरी काळा पदर वडत आणल्यागत हुतंय, पार्श्वा.”

मी विचारलं, “धुकं तर पांढरं आहे, आव्वा. पदर काळा का?”

“मला काळाच दिसतोय.”

याला म्हणतात दृष्टी. लोक पांढऱ्यात पांढरंच बघतात. मोबाइलवर ओळ टिपून घेतली आणि विश्वजितला पाठवली. त्याचा अंगठा आला.

आव्वा परतीच्या वाटेत झोपली. झोपलीच असावी, डोळे मिटलेले होते.

२८ ऑगस्ट, गुरुवार

आजपासून आमचं दशलक्षण पर्व. आव्वानं दहाही दिवस एकवेळ जेवायचं ठरवलंय. बस्तीत सगळ्या बायका मला सांगत होत्या, “अक्काताई म्हंजे अक्काताई! आमच्यानं न्हाय व्हायचं बाई.” मी नम्रपणे मान हलवली. मनातून फुगलो होतो.

आणि आजची खरी बातमी. रोजचं पुराण आव्वा स्वतः वाचायची, मोठ्या अक्षरांची पोथी, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. आज तिनं ती तेजूच्या हातात दिली. “तू वाच. मी आयकते.” आणि तेजूनं वाचलं! अडखळत, जोडाक्षरांवर आपटत, पण पाच पानं. जिनं माझ्या हातचं एक पुस्तक घेतलं नाही ती पोथी वाचते! मी दाराआड उभा राहून ऐकलं आणि डोळ्यांत पाणी आलं. वाचनाची गोडी अशीच लागते, जबरदस्तीनं नाही. आव्वानं किती हुशारीनं केलं हे.

५ सप्टेंबर, शुक्रवार

दोन आठवड्यांत एक नवा शब्द नाही. आव्वा बोलतच नाही. विचारलं तर हूं म्हणते. मी मुद्दाम जुनी भांडी काढून पुढं ठेवली, “याला गावाकडं काय म्हणायचात?” तर म्हणाली, “भांडं.”

रात्रीच्या जेवणाला स्नेहलकडं गाऱ्हाणं मांडलं. ती म्हणाली, “तुम्ही त्यांचं एक वाक्य तरी पुरं होऊ देता काय? बोलायला लागल्या की बापलेक मांजरागत झडप घालताय.”

हे मला लागलं. मी तिचे शब्द जपून ठेवतोय आणि मलाच बोल! आईचं बोलणं एवढ्या आदरानं ऐकणारा दुसरा मुलगा या बिल्डिंगमध्ये दाखव म्हणालो. तिनं ताटं उचलली.

दशलक्षणामुळं थकवा असेल. भाषणाला नऊ दिवस राहिले आणि मला झोप नाही.

११ सप्टेंबर, गुरुवार

आव्वाच्या हातून चहा कपाबाहेर गेला. कप नवीन आहेत, कान लहान आहे त्यांचा. बदलून आणायला हवेत.

भाषण पाठ झालं.

१४ सप्टेंबर, रविवार

आज लिहवत नाही.

१६ सप्टेंबर, मंगळवार

लिहितो. नाही लिहिलं तर डोक्यातच फिरत राहील.

रविवारी हॉल भरला होता. आव्वाला पहिल्या रांगेत बसवली होती, ठेवणीतली साडी नेसलेली. मी बोललो, आणि चांगला बोललो, हेच जास्त सलतंय. घाम फुटला नाही. कडूसं सांगितलं, कासराभर सांगितलं. ती उजेडाच्या तिरपेमागं खुर्ची कशी ओढत फिरते ते सांगितलं. साडेचारला ताट मागते, भाज्या एकेक करून सोडल्या, धान्य निवडायला नातीला दिलं, पोथी नातीला दिली. उजेडाचे शब्द बोलता बोलता ही बाई कशी विरक्त होत चालली आहे, असं मी त्याला वळण दिलं. माझीच कल्पना. शेवटी जळमट आणि मग काळा पदर. पदराला टाळ्या पडल्या. विश्वजितनं शाल घातली.

चहाच्या वेळी एक बाई गर्दीतनं पुढं आल्या. पन्नाशीच्या. माझ्याकडं न बघता सरळ आव्वाच्या पुढ्यात जमिनीवर उकिडव्या बसल्या. “आज्जी, मी शबनम. डोळ्यांची डॉक्टर हाय. ते जळमट पहिल्यांदा कधी आलं?”

मला वाटलं त्यांना ओळ आवडली. मी म्हणालो, “मॅडम, ती तशी बोलण्याची पद्धत आहे, म्हणजे...”

त्यांनी माझ्याकडं न बघताच हात वर केला, थांबा म्हणून. “सांगा, आज्जी.”

“आकाडात,” आव्वा म्हणाली. म्हणजे आषाढात, जुलैतच.

“मग पुढं?”

आणि आव्वा बोलायला लागली. कुणी मध्ये बोललं नाही. “आदी जळमट. ते हालायचं. मग काजवं चमकाय लागलं, डोळं झाकलं तरीबी. मग डावीकडनं पदर सराय लागला. आता निम्म्याच्या म्होरं आलाय. ह्यो म्होरं हुबा ऱ्हायला तर निम्माच दिसतोय.” हा ‘ह्यो’ म्हणजे मी.

“आणि भाज्या का सोडल्या, आज्जी?”

“आळी दिसत न्हाय बाई पाल्यातली. पोटात गेली म्हंजे? जलमभर पाळलं आन् आता न बघता जीव खायाचा व्हय? म्हनून जे दिसत न्हाय ते सोडलं. दिव्यात ताटातलं दिसत न्हाय, म्हनून उनातच जेवते.”

“घरात सांगितलं नव्हतं का?”

“सांगिटलं की,” आव्वा म्हणाली, अगदी साध्या आवाजात. “ल्योकानं लिवून घेतलंय सगळं.”

ती टोमणा मारत नव्हती. टोमणा असता तर बरं झालं असतं. तिला खरंच तसं वाटत होतं, की मी लिहून घेतलंय म्हणजे मला कळलंय, आणि मी काय ते बघीन. शाल माझ्या खांद्यावर होती. ती कुठं ठेवावी ते कळेना.

डॉक्टर शबनम उठल्या आणि मला बाजूला घेऊन म्हणाल्या, “आत्ता चला. चहा राहू दे.”

रविवार असून त्यांनी दवाखाना उघडला. डाव्या डोळ्याचा आतला पडदा सुटलाय. जळमट आलं त्या आठवड्यात आणलं असतं तर लेझरवर भागलं असतं. आता ऑपरेशन, आणि किती दिसेल ते सांगता येत नाही. मग त्यांनी उजवा डोळा बराच वेळ बघितला. त्यात जुना मोतीबिंदू होताच, शिवाय एक बारीक भोक निघालं. तिथल्या तिथं लेझर केलं. “उजवा वाचला म्हणायचं. अजून थोडे दिवस गेले असते तर दोन्ही.” आणि त्यांनी ऑपरेशनची चिठ्ठी लिहायला घेतली.

स्नेहलला वाटेत फोन केला. ती नुसती रडली. घरी आल्यावर म्हणाली, “मीपण त्याच घरात राहत होते की. नेम म्हटलं आणि मीपण ऐकलं.” मला धीर द्यायला म्हणाली असेल, पण मला तो घेता आला नाही.

तेजूनं फ्रिजवरच्या चांदण्या नखानं खरवडून काढल्या. मी सांगितलं नव्हतं. गोंदाचे डाग राहिलेत.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

काल ऑपरेशन झालं. डोळ्यात गॅस भरलाय, तो पडद्याला आतून दाबून धरतो म्हणे. त्यासाठी आव्वानं आठ-दहा दिवस पालथं झोपायचं, तोंड जमिनीकडं. जेवायला आणि ड्रॉप घालायला तेवढं उठायचं, तेही मान खाली.

आव्वा म्हणाली, “जलमभर जिमीन बघून चालले, किडामुंगी पायाखाली यिऊ ने म्हनून. आता झोपूनबी तीच बघायची.” आणि स्वतःच हसली. ऑपरेशन होऊन हसते ती, आणि मी दुकानात हिशेब चुकवून बसतो.

आज स्नेहलनं मेथी निवडली. पान न् पान उजेडात धरून, दोन्ही बाजू बघून. आव्वाला सांगितलं, “आव्वा, मी बघितलीय. तेजूनंपण बघितलीय. खावा.” आव्वा जरा थांबली आणि खाल्ली. मी माझ्या खोलीत जाऊन दार लावलं. चाळिशी उलटलेला माणूस भाजीपायी रडतो, हे पोरीला कशाला दिसायला पाहिजे?

२४ सप्टेंबर, बुधवार

शहरात नवरात्राची गर्दी. दुपारी दुकान बंद करून घरी आलो. हल्ली येतो.

आव्वाच्या खोलीचं दार अर्धं उघडं होतं. ती कॉटच्या कडेवर पालथी, तोंड बाहेर काढून, कपाळ उशीच्या चौकटीवर टेकवलेलं. आणि तिच्या बरोबर खाली फरशीवर तेजू उताणी पडलेली, डोक्याखाली दप्तर. एक वर बघते, एक खाली बघते. दोघींच्या तोंडात हातभर अंतर असेल.

तेजू म्हणाली, “आज्जी, ती म्हैस सापडली का गं?”

“कंची म्हस?”

“तुझी. कडूसं पडलेलं आणि तू ओढ्याकडं गेलतीस. पप्पांनी मध्येच थांबवलं बघ.”

मी दारातच राहिलो.

“व्हय की,” आव्वा म्हणाली. “गेलते वड्याकडं. जाईस्तवर दिसत हुतं. बाभळी दिसत हुत्या, पानी दिसत हुतं. मग बघता बघता सगळं इझलं. डोळं हुगडं, पर काय बी दिसंना. घर कुटल्या अंगाला ते बी कळंना. मी आपली हुबी. रडाय आलं, पर रडले न्हाय, लांडगं येत्यात म्हनायचे.”

“मग?”

“मग मागनं फुसकारलं. म्हस! माजी म्हस माज्या मागंच हुबी. कवापास्नं हुती कुनाला ठावं. मी तिचं शेपूट धरलं. ती चालली, तशी मी चालले. कुटं खड्डा, कुटं काटं, तिला सगळं दिसत हुतं. सरळ दारात आणून सोडली मला. आबा म्हनला, आणलीस व्हय म्हशीला? म्या म्हनलं, मी कुटली आनतीय, तिनंच मला आणलं.”

तेजू खदखदून हसली. तिनं हात वर करून आज्जीचं लोंबतं बोट धरलं. एक-दोन शब्द तिला नक्कीच कळले नसणार. तिनं विचारले नाहीत.

मग आव्वा म्हणाली, “आन् ती गोष्ट म्या काडली कशापायी, तर तुज्या बाला सांगायचं हुतं त्या दिवशी. म्हनलं, पार्श्वा, वड्याकाठचं ते कडूसं मला आता भर दुपारी पडाय लागलंय रं. जीव घाबरतोय. एकदम कसं सांगायचं, म्हनून म्हशीपास्नं सुरू केलं. पर ते ऱ्हायलंच.”

माझा हात दारावर होता. तो तसाच राहिला. दोन महिने मी एका शब्दाभोवती नाचलो आणि तिनं एवढी लांब वाट काढून जे माझ्या दारापर्यंत आणलं होतं, ते मी उंबऱ्यावरच अडवलं. याला क्षमा आहे की नाही मला माहीत नाही. तिला विचारलं तर ती म्हणेल, खुळा हायस काय? म्हणून विचारायचंही धाडस नाही.

चप्पल काढली आणि आत गेलो. तेजूनं दप्तर सरकवलं. मी तिच्या शेजारी फरशीवर उताणा पडलो. खालून आव्वाचं तोंड दिसलं. डाव्या डोळ्यावर पट्टी, गाल खाली ओघळलेले, उजवा डोळा उघडा. त्यानं मला बघितलं.

“कोन, पार्श्वा? दुकान?”

“बंद केलंय.”

“काय झालं?”

“काय न्हाय, आव्वा. ती म्हशीची गोष्ट सांग की.”

“आताच सांगिटली हिला. सपली.”

“मी ऐकली न्हाय. पहिल्यापासनं सांग.”

तिनं जरा वाट बघितली. मी मध्ये काही बोलतोय का ते बघत असावी. मी बोललो नाही.

“मी तवा धा-बारा वर्साची आसंन,” आव्वा म्हणाली.